जुन्या टीव्हीला स्टिक घेताय? आधी टीव्हीची पाठ बघा

दिवाळीचा सेल संपला की आठवडाभरात मला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "अरे, ती स्टिक मागवली, पण लावायची कुठे?" स्टिक म्हणजे टीव्हीला लावून त्यावर इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारं बोटभर यंत्र. टीव्ही भिंतीवर, स्टिक हातात आणि मागे ती खोचायचं एचडीएमआयचं भोकच नाही! आधी खरेदी आणि मग टीव्हीची पाठ बघणं, ही यातली थोरली चूक. बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटच्या.

म्हणून सेल उघडण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून टीव्हीमागे डोकवा. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर फोन फटीत सरकवून फोटो काढा. खालचे दोन्ही कोपरे तिरपे छाटल्यासारखी चपटी खाच दिसली की तो एचडीएमआय. मग जवळजवळ कुठलीही स्टिक चालेल. पिवळं, पांढरं, लाल अशी तीन गोल भोकंच असतील तर तो एव्ही. एचडीएमआयचं प्रमाण ठरलं २००२ साली, तेव्हा त्याआधीच्या टीव्हीत ते शोधण्यात वेळ घालवू नका. पिक्चर ट्यूबच्या डबा टीव्हीत तर ते नंतरही क्वचितच आलं.

फक्त एव्ही असेल तर मध्ये कन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल बदलून देणारी डबी लागते आणि खरी गंमत इथून सुरू होते. माझ्या मावशीकडे अजून डबा टीव्ही आहे, आणि तो बदलायला ती तयार नाही. मावसभावाने कन्व्हर्टर आणला, सगळ्या पिना लावल्या, दिवा लागला, पण पडद्यावर काही नाही. दोन तास वायरी उलटसुलट करून झाल्यावर मी डबीवरची अक्षरं वाचली: 'एव्ही टू एचडीएमआय'. आपल्याला हवा 'एचडीएमआय टू एव्ही'. दोन्ही डब्या सारख्याच मापाच्या आणि दुकानात शेजारीशेजारी ठेवलेल्या. सिग्नल जिथून निघतो त्याचं नाव आधी, एवढं ध्यानात ठेवा. आपला निघतो स्टिकमधून.

एका टोकाला एचडीएमआयची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी नुसती वायरही बाजारात मिळते. ती घेऊ नका. स्टिक डिजिटल सिग्नल देते, एव्हीला अ‍ॅनालॉग लागतो. तो बदल करायला चिप हवी आणि चिपला वीज. म्हणूनच चांगल्या कन्व्हर्टरला यूएसबीची वेगळी वायर असते. ती न जोडता "चालत नाही" म्हणणारेही मी पाहिले आहेत.

चित्र आलं, पण कृष्णधवल किंवा वरखाली सरकतंय? कन्व्हर्टरच्या कडेला बारीकसं बटण असतं, पाल आणि एनटीएससी, या रंगीत चित्र पाठवण्याच्या दोन पद्धती. आपल्याकडचे टीव्ही पालचे, तेव्हा बटण पालवर हवं. काही एलईडी टीव्हींत पिवळ्या पिनेची आणि कॉम्पोनंट नावाच्या दुसऱ्या एका जोडणीच्या हिरव्या पिनेची जागा एकच असते. तिथे सोर्समध्ये, म्हणजे चित्र कुठून घ्यायचं त्या यादीत, कॉम्पोनंट निवडलं गेलं तरी रंग उडतात, एव्ही निवडा. डबा टीव्हीवर माणसं उभट, काकडीसारखी दिसली तर घाबरू नका. रुंद चित्र चौकोनी पडद्यात दाबलं गेलंय, इतकंच. आणि कडा कापल्या जाऊन सबटायटलची खालची ओळ गायब होत असेल, तर स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्र थोडं आत घेता येतं.

त्याहून चकवणारी एक तक्रार असते. यूट्यूब झकास चालतं, पण सिनेमा लावला की पडदा काळा. लोक अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात, पासवर्ड बदलतात. दोष बहुधा एचडीसीपीचा, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा असतो. मधला कन्व्हर्टर किंवा फार जुना एलसीडी टीव्ही ते कुलूप ओळखत नसेल तर सिनेमा दिसतच नाही. स्टिक शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीला लावून बघा, दहा मिनिटांत निकाल लागतो.

माझं स्पष्ट मत सांगतो: टीव्हीला एव्हीच असेल तर स्टिक आणि कन्व्हर्टरची जोडगोळी हा शेवटचा पर्याय. डीटीएच कंपन्यांच्या काही अँड्रॉइड बॉक्सना स्वतःचीच एव्हीची जागा असते. दुकानात बॉक्स उलटा करून ती डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या. तरीही अ‍ॅपमधली बारीक अक्षरं डबा टीव्हीवर पुसटच दिसणार, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

एचडीएमआयवाल्यांची सगळ्यात नेहमीची चूक विजेची. स्टिकसोबत आलेला अडॅप्टर खोक्यातच ठेवून वायर टीव्हीच्या यूएसबीत खुपसतात. जुन्या टीव्हीचं यूएसबी बहुधा ५०० मिलिअँपिअर देतं, स्टिकला साधारण त्याच्या दुप्पट लागतात. मग सिनेमा ऐन रंगात आला की स्टिक आपोआप रीस्टार्ट! अडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्येच लावा.

दुसरी चूक वाय-फायची. सिनेमा अडखळला की लोक इंटरनेटचा महागडा प्लॅन घेतात. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे ७२० पीच्या (एचडी) चित्रासाठी ३ आणि १०८० पीच्या (फुल एचडी) चित्रासाठी ५ एमबीपीएस वेग पुरतो. खरी अडचण अशी की स्टिक टीव्हीच्या पाठीमागे, पत्रा आणि भिंत यांच्या मध्ये गुदमरलेली असते. बहुतेक स्टिकच्या खोक्यात एचडीएमआयची बोटभर वायर येते. ती लावून स्टिक बाहेर काढा. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा जास्त टिकतो, त्याला भिंतींचा तेवढा त्रास होत नाही.

३२ इंची एचडी रेडी टीव्हीसाठी फोर-के स्टिक? चित्रात काडीचा फरक पडणार नाही, पडद्यावर ठिपके आहेत तेवढेच राहणार. पुढेमागे टीव्ही बदलायचा असेल तरच घ्या.

नाव-गाव नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सपासून मात्र लांब राहा. २०२३ मध्ये 'टी-९५' नावाच्या अशाच एका बॉक्समध्ये विक्रीआधीच घुसवलेलं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं होतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेनेही अशा उपकरणांबद्दल इशारा दिला. बॉक्स तुमच्याच वाय-फायवर बसून भलतीच कामं करतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. यातल्या अनेकांत अँड्रॉइड टीव्हीऐवजी फोनचं अँड्रॉइड असतं. त्यावर नेटफ्लिक्स आलं तरी रिमोटने धड चालत नाही आणि परवान्याअभावी चित्र कमी स्पष्ट ४८० पीवर अडकतं.

सिनेमाचा आवाज येत नसेल, पण मेनूची टिकटिक ऐकू येत असेल, तर ऑडिओ सेटिंगमध्ये जुन्या टीव्हीला न कळणारा डॉल्बी आवाज काढून साधा पीसीएम किंवा स्टिरिओ करा.

आणि सगळं जुळवूनही टीव्हीवर सिनेमा लागत नसेल तर आपला प्लॅन तपासा. नेटफ्लिक्सने भारतात २०१९ साली आणलेला मोबाइल प्लॅन फक्त फोन आणि टॅबलेटसाठी आहे. तो स्टिकवर चालणार नाही, मग स्टिक कितीही महागाची असो. टीव्हीसाठी वरचा प्लॅनच घ्यावा लागतो.

मावशीकडे शेवटी योग्य कन्व्हर्टर आला, चित्र आलं. फक्त लाइट जाऊन आली की तिचा टीव्ही पुन्हा केबलवर जातो. म्हणून रिमोटवरच्या सोर्सच्या बटणाला तिने आपली एक लाल टिकली चिकटवली आहे. आता मला फोन येत नाही.