पोस्टखाली कमेंट लिहिताना या चुका टाळा

१२ मार्चला यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीच्या पोस्ट सांगली-कराड भागात सकाळपासून दिसू लागतात आणि त्यांतील अनेक पोस्टखाली कोणीतरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून गेलेले असते. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यातच आहे, त्यांच्याविषयी आदर घरोघरी आहे, तरीही हे घडते. कारण हार घातलेले छायाचित्र दिसताच वरची ओळ वाचायची राहून जाते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीलाही तेच होते. श्रद्धांजली निधनाच्या बातमीखाली किंवा पुण्यतिथीला शोभते, तर ‘विनम्र अभिवादन’ दोन्ही दिवशी योग्य ठरते.

याहून गंभीर चूक पावसाळ्यात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि येथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यामुळे पुराच्या पोस्टखालची प्रत्येक ओळ नदीकाठची कुटुंबे सामान वर चढवायचे की घर सोडायचे, हे ठरवण्यासाठी वाचत असतात. अशा ठिकाणी ‘पाणी झपाट्याने वाढतंय’ एवढेच लिहिणे धोक्याचे असते. फेसबुक बहुधा जास्त प्रतिसाद मिळालेल्या कमेंट आधी दाखवते, म्हणून कालची ओळ आज सर्वांत वर दिसू शकते. शिवाय कोयना धरणातून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचायला बरेच तास लागतात, त्यामुळे विसर्गाचा आकडा तारीख-वेळेशिवाय लिहिला, तर वाचणाऱ्याला त्याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. ‘आयर्विन पूल, ३८ फूट, आज सकाळी ८ वाजता, स्वतः पाहिले’ अशी कमेंट उपयोगी पडते. छायाचित्र जोडायचे असेल तर ते याच वर्षीचे आहे, याची आधी खात्री करावी.

लिहिलेला आकडा चुकला, तर कमेंट गुपचूप काढून टाकू नये. फेसबुकवर ती काढली की तिच्याखालची उत्तरेही जातात आणि ज्यांनी चुकीचा आकडा वाचला, त्यांच्यापर्यंत बरोबर आकडा पोहोचतच नाही. एडिटचा पर्याय वापरून त्याच कमेंटच्या सुरुवातीला ‘दुरुस्ती’ असे लिहावे आणि नवा आकडा वेळेसह द्यावा.

तासगावकडचा एखादा द्राक्षबागायतदार पानाचे छायाचित्र टाकून ‘दावण्या हाय का भुरी, सांगा’ असे द्राक्षावरच्या दोन बुरशीजन्य रोगांविषयी विचारतो, तेव्हा त्याच्या शुद्धलेखनाची चूक काढणारी कमेंट लिहिणे मला अत्यंत अनुचित वाटते. बाग हातची जाण्याच्या काळजीने विचारणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीवरून खाली पाहायला लावले, तर तो पुन्हा विचारणार नाही. त्याचप्रमाणे नुसते औषधाचे नाव सांगूनही मोकळे होऊ नये. दावण्याची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला दिसते, म्हणून आधी त्या बाजूचे छायाचित्र मागावे, छाटणीला किती दिवस झाले ते विचारावे आणि मगच सल्ला द्यावा. अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हणावे, मग तो वयाने लहान का असेना.

मालाचा दर विचारताना स्वतःचा मोबाईल क्रमांक उघड लिहू नये, तो मेसेजमध्ये द्यावा.

अत्याचाराच्या बातमीखाली मात्र कळवळ्यापोटी होणारी एक चूक फार मोठी आहे. ‘ही आमच्याच गावातली’ असे लिहून कोणी गावाचे नाव देतो, कोणी वडिलांचा व्यवसाय सांगतो. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायदा शाळा, कुटुंब व शेजार यांची माहिती देण्यासही मनाई करतो. येथे दुरुस्तीची ओळ पुरत नाही, कारण बदललेल्या कमेंटचा आधीचा मजकूर फेसबुकवर इतरांना पाहता येतो. अशी कमेंट तत्काळ पूर्णपणे काढून टाकावी आणि इतर कोणी लिहिली असल्यास तिला उत्तर न देता तिची तक्रार नोंदवावी.