पुस्तक कुठल्या प्रकारातलं आहे, कसं ओळखायचं?

वाचनालयात येणारे बरेच जण नुसतं "काहीतरी चांगलं द्या" म्हणतात, मग भयकथा हवी असणाऱ्याच्या हातात ललित लेख पडतात आणि चार पानांत पुस्तक परत. प्रकार ओळखता आला तर हे टळतं.

आधी एवढंच बघा, "हे खरंच घडलं" ही जबाबदारी लेखक घेतोय का? घेत असेल तर आत्मचरित्र, चरित्र, प्रवासवर्णन, इतिहास. नसेल तर कथा-कादंबरी. गावाचं नाव खरं आहे यावर जाऊ नका हां. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) मध्ये जगबुडी नदी खरी, तुंबाडही खेड तालुक्यात खरंच आहे, तरी ती कादंबरीच. उलट पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या बंडात उत्तरेत अडकले, झाशीचा वेढा डोळ्यांनी बघितला, घरी येऊन बऱ्याच वर्षांनी सगळं लिहून काढलं आणि 'माझा प्रवास' १९०७ ला छापून आलं. वाचताना कादंबरीसारखं थरारक वाटतं, पण ते प्रवासवर्णन. आठवणीतून लिहिलंय म्हणजे एखादा तपशील चुकलेला असू शकतो, पण चुकणं वेगळं आणि रचणं वेगळं.

पुस्तकात "मी" असेल तर कव्हरवरचं नाव आणि आतल्या "मी"चं नाव जुळवून बघा. 'स्मृतिचित्रे'त दोन्हीकडे लक्ष्मीबाई टिळकच, म्हणजे आत्मचरित्र. 'श्यामची आई'त सांगणारा श्याम आणि लेखक पांडुरंग सदाशिव साने. पालगड, आई, गरिबी सगळं त्यांच्याच आयुष्यातलं, तरी त्यांनी श्याम नावाचा माणूस उभा केला जो आश्रमात मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणून मी त्याला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणेन, यावर वाद होऊ शकतो आणि खुशाल होऊ दे.

कथांमध्ये मात्र शेवट बघावा लागतो. समजा खाडीतल्या गिऱ्ह्याची, म्हणजे पाण्यातल्या भुताची गोष्ट आहे. गिऱ्हा खरंच येतो आणि तुम्हाला रात्री एकट्याने बाहेर पडवत नाही, तर भयकथा. शेवटी कळतं की रेती चोरणाऱ्यांनीच ती आवई उठवली होती आणि कुणीतरी पुराव्याने ते शोधून काढलं, तर रहस्यकथा. गिऱ्हा होता की नव्हता हे लेखक मुद्दाम उघडं ठेवतो, तर गूढकथा, आणि मला विचाराल तर लिहायला सगळ्यात अवघड हीच. आणि कुणी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांकडून तीच गोष्ट जशीच्या तशी, गावाच्या नावासकट उतरवून घेतली तर ते लोककथांचं संकलन. गिऱ्हा कुणी पाहिलेला नसला तरी अमक्या गावात ही गोष्ट सांगतात हे खरं असतं, म्हणून ते पुस्तक माहितीपर बाजूला ठेवायचं.

ललित लेखात घटना कमी आणि लेखकाचं मन जास्त, पटकन ओळखता येतो.

जास्त घोळ ऐतिहासिक कादंबरीत होतो. राजा खरा, लढाई खरी, पण रात्री दोघंच असताना ते काय बोलले हे कुणी ऐकलं? प्रस्तावना वाचा, शेवटी संदर्भ दिलेत का बघा. कुठल्या पत्रात किंवा बखरीत ते बोलणं आहे हे सांगितलेलं नसेल तर तो संवाद इतिहास म्हणून व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवू नका.