पक्ष्यांना दाणे घालताय? आधी भांडं घासा

बागेत पक्ष्यांना काय खायला घालावं, याचा विचार सगळेच करतात. भांडं शेवटचं कधी घासलं, हे मात्र कुणाला आठवत नाही. खरा धोका तिथेच आहे. एकाच भांड्यात सगळे चोच घालतात, तिथेच विष्ठा पडते, आणि साल्मोनेलासारखे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आठवड्यातून एकदा तरी भांडं रिकामं करून साबणाच्या गरम पाण्याने घासा. मग १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी अशा द्रावणात १० मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय दाणे भरू नका, दमट भांड्यात बुरशी लगेच धरते. हातमोजे घाला, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हे काम नकोच. पाण्याचं भांडं तर रोज धुवावं.

एखादा पक्षी पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून तिथेच बसून राहिला, जवळ गेलं तरी उडाला नाही, तर तो आजारी समजा. दाणा-पाणी किमान २ आठवडे बंद ठेवा. जीव तुटतो, पण पक्षी पांगले की लागण पसरायला वाव कमी मिळतो.

एका दिवसात संपेल इतकंच घाला. शेंगदाणे बिनमिठाचे हवेत; कुबट वास आला तर फेकाच, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पक्ष्यांच्या जिवावर बेततं. दूध आणि खारट पदार्थ नकोत.

भांडं खिडकीच्या काचेपासून १ मीटरच्या आत टांगा, नाहीतर १० मीटरपेक्षा लांब. मधल्या अंतरावरून दचकून उडालेला पक्षी वेगात काचेवर आपटतो. मांजर दबा धरेल अशी झुडपंही २ मीटर तरी दूर असावीत.