गाठीतला कोळी नवा निघाला तर: प्रजातीचं वर्णन कसं लिहायचं

धुऱ्यावरच्या करंजाच्या पानांवर फोड आलेले सगळ्यांनीच पाहिले असतील. आपण म्हणतो रोग आला. तो रोग नाही भाऊ, त्या एकेका फोडात, म्हणजे गाठीत, कोळ्यांचं आख्खं गाव राहते. एरिओफाइड कोळी म्हणतात याला, जाळं विणणारा कोळी नव्हे, इंग्रजीत ज्याला माइट म्हणतात तो, लांबी साधारण पाव मिलिमीटरच्या आत, अंग गाजरासारखं, आणि कोळी असून पाय फक्त चार, तेही सगळे तोंडाकडे.

आधी माझी फजिती सांगतो. एमएस्सीला असताना आर्वीकडच्या आमच्या वावरातून अशी पानं आणली, फोड कापला, आत पांढरे गाजरं वळवळताना दिसले आणि मी दोन दिवस शास्त्रज्ञ झाल्यासारखा फिरलो. मंग सरांनी एकच विचारलं, "करंजावरचे जुने पाहिले का रे?" पाहिले नव्हते. करंजावरच्या असेरिया पोंगामिए या कोळ्याला कीफर नावाच्या अमेरिकन माणसानं १९६६ लाच नाव देऊन ठेवलं होतं. याच कीफरनं पॉपलरच्या कळ्यांवर फुलकोबीसारख्या गाठी करणारा कोळीसुद्धा १९४० मध्ये लिहून ठेवला. पॉपलर आपल्याकडे नाही, तो पंजाब-हरियाणाकडे प्लायवूडसाठी लावतात, पण सांगायचं हे की पहिलं काम मायक्रोस्कोपचं नाहीच, पहिलं काम झाड ओळखायचं. हे कोळी खाण्याच्या बाबतीत लय हट्टी, बहुतेक प्रजाती एकाच झाडावर नाहीतर त्याच्या जवळच्या भाऊबंदांवर राहतात, म्हणून झाडाचं शास्त्रीय नाव पक्कं झालं की त्या झाडावर आणि त्याच्या कुळात आजवर कोणकोणते कोळी लिहिले गेले ते शोधता येते. झाडच चुकलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. फांदी फुला-फळासकट दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्राच्या माणसाला दाखवा, नुसत्या पानावरून "असंलच काही" म्हणू नका.

दुसरी गोष्ट, प्रत्येक गाठ कोळ्याची नसते. रस्त्याकडेच्या सप्तपर्णीवरच्या गाठी सिलिड नावाच्या किड्याच्या, जांभळाच्या पानावरही सिलिड करते, काही गाठी माशीच्या अळीच्या. उलट काही कोळी गाठ करतच नाहीत, तुरीचा वांझ रोग पसरवणारा असेरिया कजानी घ्या, तुरीवर एक गाठ दिसत नाही पण शेंगा धरत नाहीत. तेव्हा ब्लेडनं गाठ उभी कापायची आणि वीसपट भिंगाखाली पाहायचं. आत एकच लठ्ठ अळी बसली असेल तर तो आपला विषय नाही. पांढुरकी पिठासारखी हलणारी गर्दी दिसली तर आहे. मध्येच आठ पायांचा गोल कोळी पळताना दिसला तर तो बहुतेक शिकारी, आपल्या गाजरांना खायला आलेला, त्याला गाठीचा मालक समजू नका. कोवळ्या गाठी घ्या, जुन्या सुकलेल्या गाठी रिकाम्या निघतात.

गोळा करताना मी पानं पॉलिथिनमध्ये भरून गाडीच्या डिक्कीत टाकली होती, ऊन मे महिन्याचं, घरी येईपर्यंत भाजी झाली. कागदात गुंडाळा. काही गाठी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, काही डीएनएसाठी पंचाण्णवच्या वरच्या अल्कोहोलमध्ये टाकून फ्रीजमध्ये, आणि काही पानं नुसती वाळवून ठेवा, वाळलेल्या पानातले कोळीसुद्धा नंतर फुगवून स्लाइडवर घेता येतात. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाकायची, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उडून जाते. गाव, तालुका, जीपीएस, तारीख, झाड, कोणी गोळा केलं, सगळं त्याच दिवशी. नंतर आठवत नाही, शपथेवर सांगतो.

आता स्लाइड. इथे बरेच जण कंटाळून सोडतात, काहून का एक कोळी उचलायचा म्हणजे हात थरथरले की गेला. काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवा, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघत त्या केसानं एकेक कोळी उचला, श्वाससुद्धा हळू घ्या, पंखा तर बंदच. थेंबभर हॉयरच्या माध्यमात, म्हणजे कोळी स्लाइडवर बसवायच्या चिकट द्रवात, ठेवा: पाणी ५० मिली, बाभळीचा डिंक ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम, ग्लिसरीन २० मिली. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, ते कॉलेजच्या लॅबमध्येच आणि सरांसमोर. मंग कव्हरस्लिप, आणि स्लाइड काही दिवस कोमट गरम ठेवायची म्हणजे आतला मांसल भाग विरघळतो आणि नुसतं कवच काचेसारखं दिसते. शेवटी कडेनं सील. सगळे कोळी एकाच कुशीवर पडले तर उपयोग नाही, पाठीवरचे, पोटावरचे आणि कुशीवरचे तिन्ही पाहिजेत. माझ्या पहिल्या अकरा स्लाइडमध्ये सगळेच्या सगळे पाठ खाली करून पडलेले, ढालीची नक्षी दिसायलाच तयार नाही.

ती नक्षी म्हणजे या प्राण्याचं आधारकार्ड समजा. डोक्यामागच्या ढालीवर मधली रेघ, तिच्या बाजूच्या रेघा, त्या कुठे तुटतात, कुठे जुळतात, सगळं टिपा. यासाठी फेज कॉन्ट्रास्टचा मायक्रोस्कोप आणि शंभरचं ऑइल लेन्स लागते, तालुक्याच्या कॉलेजात ते क्वचितच असते, नागपूरला कुणाच्या तरी हातापाया पडून दोन दिवस मागून घ्या. ढालीवरच्या दोन केसांकडे नीट पाहा: केसांचे उंचवटे ढालीच्या मागच्या कडेवर आणि केस मागे वळलेले असतील तर असेरिया या वंशाकडे जा, उंचवटे कडेच्या पुढे आणि केस वर किंवा पुढे झुकलेले असतील तर एरिओफिस हा वंश. पायाच्या टोकाला पिसासारखा नखा असतो, त्याच्या फांद्या मोजा. अंगावरच्या कड्या पाठीकडून किती आणि पोटाकडून किती, मादीच्या जननछिद्रावरच्या झाकणीवर रेघा किती, प्रत्येक केस किती मायक्रोमीटर. हे छिद्र शेपटीजवळ शोधू नका, पायांच्या लगेच मागे असते. किमान दहाएक माद्या मोजा, म्हणजे एकीचा आकडा आणि बाकीच्यांचा पल्ला दोन्ही देता येतात. थंड प्रदेशातल्या कित्येक प्रजातीत उन्हाळ्याची मादी आणि हिवाळा काढणारी मादी वेगळ्या दिसतात, त्यातून एकाच कोळ्याला दोन नावं पडायची भीती असते, म्हणून एकाच दिवसाचा माल घेऊन खुश होऊ नका.

जुन्या वर्णनांशी तुलना करताना फरक सरळ लिहा: त्यात पिसाच्या फांद्या चार, आमच्यात पाच. "बराच वेगळा दिसतो" हे चालत नाही.

मंग एक मादी होलोटाइप ठरवायची, म्हणजे नाव कायमचं त्या एका स्लाइडला बांधलं जाते, बाकीच्या पॅराटाइप. नाव लॅटिन धाटणीचं, असेरिया स्त्रीलिंगी आहे म्हणून विशेषण जोडलं तर तेही स्त्रीलिंगी. गावाचं, झाडाचं, गुरूचं नाव द्या, स्वतःचं देऊ नका, लोक हसतात. लेखात नवी प्रजाती असल्याचं आणि होलोटाइप कुठे ठेवला ते स्पष्ट लिहावं लागते. नुसता ऑनलाइन छापणार असाल तर २०१२ पासून चालते, पण झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी पाहिजे आणि तसं लेखातच दिसलं पाहिजे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेलं नाव म्हणजे प्रकाशन नाही, आणि पैसे घेऊन आठ दिवसात छापणाऱ्या मासिकांच्या नादी लागू नका.

आपल्याकडे अजून एक नियम आहे, २००२ चा जैवविविधता कायदा, त्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती सापडली तर नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागते. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, मुख्यालय कोलकात्याला, पुण्यात आकुर्डीला केंद्र आहे. होलोटाइप कुरिअरनं पाठवू नका. हॉयर आतून ओला असला तर कव्हरस्लिप सरकते आणि तुमची दोन वर्षांच्या मेहनतीची मादी काचेच्या कडेला जाऊन चिरडते. स्लाइड आडव्या ठेवून डबा महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये वर्ध्यापासून पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन बसा, वरच्या रॅकवर ठेवायचा नाही, आणि उतरल्यावर आधी डबा उघडून बघा.