१०८०पी५० वर चित्र तुटत होतं, ते असं थांबलं

लांब केबलने मॉनिटरला जोडलेला कॅमेरा १०८०आय५० वर (सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम) असला की चित्र स्वच्छ. १०८०पी५० (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) केलं की ठिपके चमकायचे, मधूनच पडदा काळा. छोट्या केबलने मॉनिटरला थेट जोडला तर दोन्ही ठीक, म्हणजे दोष वाटेतच. १०८०आय५० ला एचडी-एसडीआयचे (एसडीआय म्हणजे केबलवरून जाणारा डिजिटल व्हिडिओ सिग्नल) सेकंदाला १.४८५ गिगाबिट पुरतात, १०८०पी५० ला थ्रीजी-एसडीआयचे २.९७ लागतात. एसडीआय सिग्नल तुटण्याच्या काठावर असतानाही चित्र छान दिसतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका! वेव्हफॉर्म मॉनिटरवर (सिग्नल तपासणारं यंत्र) सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी, बघत एकेक जोड बदलला. दोन लांब केबल जोडणारा बीएनसी (फिरवून बसवायचा गोल कनेक्टर) जॉइंटर ५० ओहमचा निघाला. बसतो अगदी घट्ट, पण केबल ७५ ओहमची, त्यामुळे तिथे इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) बदलल्याने सिग्नलचा काही भाग परत फिरतो. ७५ ओहमचा, थ्रीजीसाठीचा जॉइंटर लावला, एरर शून्यावर.