‘वरून हुकूम होता’: वाचनालयात दीड तासाचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

येळ्ळूर, खानापूर, निपाणीकडच्या वाचनालयांत ‘वरून हुकूम होता’ म्हणत साधी माणसं अत्याचारात कशी सामील होतात, या विषयावर नुसतं व्याख्यान ठेवलं, तर ‘नाझी क्रूर होते’ एवढंच घेऊन लोक घरी जातात. त्यापेक्षा पंधरा-वीस जणांना गोल बसवा आणि हातात पेन्सिल द्या.

कागदाच्या ६० सेंटिमीटर पट्टीवर दोन-दोन सेंटिमीटरची ३० घरं आखा. १५ पासून ४५० पर्यंत आकडे लिहा, प्रत्येक घराला १५ वाढवत. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमनं १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात वापरलेल्या, विजेचे झटके देणाऱ्या यंत्राची ही बटणं, आकडे व्होल्टचे. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की पुढचं बटण दाबायचं. कचरलात तर प्रयोगकर्ता ‘पुढे चला’ म्हणणार. आपण कुठे थांबू, तिथे प्रत्येकानं खूण करावी, नाव न घालता.

खुणा झाल्यावरच निकाल सांगा. झटके खोटे होते, हेही तेव्हाच. ३०० व्होल्टला तो माणूस भिंत बडवायचा; त्याआधी एकही जण थांबला नव्हता, आणि ४० पैकी २६ जण ४५० पर्यंत गेले. असा प्रयोग माणसांवर करून बघायचा नाही. फसवून ताण दिला, हाच मिलग्रॅमवरचा मोठा आक्षेप आहे.

आता चिठ्ठ्या. हा भाग अजिबात उरकू नका. प्रत्येक चिठ्ठीवर प्रयोगातला एक बदल लिहा, आधी अंदाज घ्या, मग आकडा सांगा. सोबत बसवलेल्या दोन साथीदारांनी नकार दिला: शेवटपर्यंत ४० पैकी ४. दोन प्रयोगकर्त्यांचं आपसात जुळेना: एकही नाही. बटण दुसऱ्यानं दाबायचं, आपण फक्त प्रश्न वाचायचे: ४० पैकी ३७. या शेवटच्या चिठ्ठीला निदान वीस मिनिटं द्या. मोठ्या अत्याचारात असा यादी करणारा, गाडी चालवणारा, शिक्का मारणारा कोण, हे गटाकडूनच वदवून घ्या.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे कुणाच्या तरी घरातला जवान मनात असतोच आणि ‘मग सैन्य चालायचं कसं?’ हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर कायद्यातून द्या: महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्ग न्यायाधिकरणाच्या सनदेनं हुकमाची ढाल नाकारली, शिक्षा सौम्य करायला तेवढा वाव ठेवला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्येही संरक्षण आहे ते कायद्यानं बांधील असलेल्याला, किंवा वस्तुस्थिती समजण्यात चूक होऊन सद्भावनेनं तसं मानणाऱ्याला. नुसत्या हुकमाला नाही.

सीमालढ्यातल्या लाठ्याही निघतील. त्या दुसऱ्या बैठकीला ठेवा, नाहीतर सगळे फिर्यादी होतात आणि बटणापाशी कुणी उरत नाही.

शेवटची दहा मिनिटं पोलंडमधल्या युझेफुफची, १३ जुलै १९४२. जर्मन राखीव पोलीस बटालियन १०१ च्या मेजरनं ज्यूंच्या कत्तलीआधी विचारलं होतं: वयस्कांपैकी ज्याला झेपणार नाही, त्यानं बाजूला व्हावं. सुमारे ५०० पैकी जेमतेम डझनभर बाजूला झाले. नकाराची मुभा होती, म्हणून इथे मिलग्रॅम पुरा पडत नाही. बाकीचे बाजूला का झाले नाहीत, हे गटाला विचारा आणि उत्तरं फळ्यावर राहू द्या.