क्रोममध्ये कंपोनंट बरोबर, इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) ११ मध्ये अख्ख्या पेजची स्टाईल बिघडते: माझा अनुभव

माझ्या वेब कंपोनंटमध्ये (म्हणजे स्वतः बनवलेल्या एचटीएमएल टॅगमध्ये) 'पी' टॅगला लाल रंग दिलेला, क्रोममध्ये तो आतच राहायचा पण आयई ११ मध्ये आणि जुन्या फायरफॉक्समध्ये (६३ च्या आधीच्या) पेजवरचे सगळेच परिच्छेद लाल, आणि ':होस्ट'चं, म्हणजे कंपोनंटच्या स्वतःच्या टॅगचं, पॅडिंग तर गायबच. इम्पॉर्टंट लावून पाहिलं, क्लासची नावं लांबलचक केली, पॉलिफिलची (जुन्या ब्राउझरला नवीन सोयी पुरवणारी) स्क्रिप्ट वर-खाली हलवली, काही नाही. दोन दिवस डोकं फिरलं.

कारण असं की पॉलिफिल शॅडो डॉमची (कंपोनंटच्या आतल्या, पेजपासून वेगळ्या भागाची) रचना उभी करतो पण स्टाईल आपोआप बंदिस्त करत नाही, आणि मी स्टाईल टॅग इनर-एचटीएमएलने थेट शॅडो रूटमध्ये, म्हणजे त्या भागाच्या मुळाशी, टाकत होतो.

चाललं ते असं: आधी मार्कअप आणि स्टाईल दोन्ही एका टेम्प्लेट टॅगमध्ये हलवले. मग क्लासच्या बाहेर, एकदाच, शेडीसीएसएसचं (पॉलिफिलचा स्टाईल बंदिस्त करणारा भाग) प्रिपेअर-टेम्प्लेट बोलावलं, त्याला टेम्प्लेट आणि एलिमेंटचं नाव दिलं, शेडीसीएसएस आहे का हे तपासूनच हं, नाहीतर पॉलिफिल लोडच न झालेल्या ब्राउझरमध्ये एरर. त्यानंतर कनेक्टेड-कॉलबॅकमध्ये (एलिमेंट पेजवर जोडला की चालणारं फंक्शन) सगळ्यात आधी शेडीसीएसएसचंच स्टाईल-एलिमेंट, त्यात 'धिस' पास केला, मग अटॅच-शॅडो, आणि शेवटी इम्पोर्ट-नोडने टेम्प्लेटची कॉपी आत. कॉपी आधी झाली आणि प्रिपेअर नंतर, तर उपयोग शून्य.

चाललंय का ते बघायचं तर इन्स्पेक्टर उघडा, आतल्या टॅगवर 'स्टाईल-स्कोप' आणि एलिमेंटचं नाव असे क्लास दिसले पाहिजेत.

पेजवरून येणारे रंगाचे व्हेरिएबल आयईमध्ये तरीही पोचत नव्हते, ते ज्यात होते तो पेजवरचा स्टाईल टॅग कस्टम-स्टाईल टॅगमध्ये गुंडाळला तेव्हा आले.